चाल : पारंपरिक

आज संध्याकाळी एका कार्यक्रमाला गेले होते. पाश्चात्त्य गाणी, एक गायिका आणि पियानो. घरी येऊन दोन तास झाले, जेवणं झाली, तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

दारात जी पत्रिका हातात दिली तिच्यात गायिकेचं नाव होतं, पियानो वाजवणाऱ्याचं होतं, फुलांची सजावट कुणाची तेही होतं. प्रत्येक गाण्यापुढे संगीतकाराचं नाव. फक्त पाचव्या गाण्यापुढे : ‘द सील मॅन’, जॉन मेसफील्ड. बस. अहो, मेसफील्डचे शब्द आहेत! गाणं केलंय रिबेका क्लार्कने, 1922 साली.

मध्यंतरात जाऊन विचारलं. ‘छापताना राहिलं असेल,’ म्हणाले. असेलही. पण राहतं ते नेहमी बाईचंच कसं राहतं?

मला तिथेच मावशी आठवली. मिरजेची. मी तेव्हा सहावीत होते, सुट्टीत तिच्याकडे गेले होते. ती तांदूळ निवडत बसली होती. निवडता निवडता थांबली, ताट बाजूला सारलं, पेटी ओढली आणि तुकोबांच्या एका अभंगाला माझ्यादेखत चाल लावली. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर सरगम लिहिली. कोमल निषाद दोनदा खोडून पुन्हा लिहिलेला, मला आजही दिसतो. पुढे तो अभंग तिच्या भजनी मंडळाने गावोगाव गायला. मंडळाने पुस्तिका काढली, तिच्यात छापलं : ‘चाल : पारंपरिक’. कसली परंपरा? तांदूळ मावशी निवडत होती!

क्लार्कचंही तेच. 1886 साली इंग्लंडात जन्मली. बाप मारकुटा. लंडनला रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये संगीतरचना शिकत होती, तर 1910 मध्ये बापाने घराबाहेर काढलं. शिक्षण सुटलं. मग व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य, वाजवून पोट भरलं. लंडनचा ऑर्केस्ट्रा-संचालक हेन्री वुड याने ज्या पहिल्या बायकांना आपल्या ऑर्केस्ट्रात घेतलं त्यांच्यात ही होती. 1919 मध्ये अमेरिकेतल्या एका स्पर्धेला तिने व्हायोलासाठी लिहिलेला सोनाटा, म्हणजे काही भागांची वाद्यरचना, पाठवला. नावं झाकून सत्तरच्या वर रचना आल्या होत्या. परीक्षकांची मतं अर्धी हिला, अर्धी अर्नेस्ट ब्लॉख या संगीतकाराला. शेवटी बक्षीस ब्लॉखला गेलं. ते एक वेळ जाऊ दे, ब्लॉख मोठाच होता. पण नंतर बोलवा काय उठली, तर रिबेका क्लार्क नावाची बाईच नाही, हे कुणाचं तरी टोपणनाव असणार! आणि त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात तिने स्वतःची एक रचना ‘अँथनी ट्रेंट’ या पुरुषी नावाने ठेवली होती. समीक्षकांनी ट्रेंटसाहेबांचं कौतुक केलं. त्याच कार्यक्रमातल्या, तिच्या स्वतःच्या नावाने वाजलेल्या रचनांकडे कुणी फारसं बघितलंही नाही. हो, ते नाव तिनेच घेतलं होतं, कुणी सक्ती केली नव्हती. मान्य. पण का घ्यावं लागलं?

‘द सील मॅन’ ऐकलं नसेल तर सांगते. आपलं भावगीत असतं तसंच, कवितेला दिलेलं संगीत. फक्त पियानो साथीला नसतो, बरोबरीने बोलतो. इथे तर कविताही नाही, सरळ गद्य गोष्ट आहे. समुद्रातून आलेला एक सील-माणूस (सील हा समुद्रातला प्राणी) एका मुलीच्या दाराशी येऊन हाक मारतो. ती हातातलं शिवण टेबलावर ठेवते, आईला सांगते की आज मला कुठलंही कुलूप अडवणार नाही, आणि निघते. चांदण्याची वाट पाण्यावर पडलेली, तिच्यावरून दोघं समुद्रात उतरतात. ती बुडते. तिला पाणी सोसणार नाही हे त्याच्या मनातच आलेलं नसतं. गाणारीला ताना नाहीत, आळवणं नाही, ती गोष्ट सांगितल्यासारखी गाते. खाली पियानोत लाटा. शेवटाकडे ते सगळं पाणी ओसरतं आणि एकटा आवाज उरतो. शंभर वर्षांपूर्वीचं आहे, जुनं वाटतच नाही.

ते शिवण टेबलावर ठेवण्यापाशी आज माझे डोळे भरून आले. मला ते तांदळाचं ताट दिसलं.

1944 मध्ये क्लार्कने लग्न केलं, आणि लिहिणं जवळजवळ थांबलं. नवरा पियानोवादक, भला माणूस, उलट लिही म्हणायचा. तेव्हा त्याला बोल लावत नाही. तिचं म्हणणं होतं की सकाळी उठल्यावर पहिला आणि रात्री निजताना शेवटचा विचार संगीताचा असेल तरच मला लिहिता येतं. मावशीला मी एकदा विचारलं होतं, नवीन काही केलंस का गं? ‘अगं, डोक्यात आधी कुकर लागतो,’ म्हणाली. तेव्हा पेटीवर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता.

क्लार्क नव्वदीची झाली तेव्हा, 1976 मध्ये, न्यूयॉर्कच्या रेडिओने तिच्यावर कार्यक्रम केला आणि लोकांना कळलं की ही आपल्याच शहरात राहते. 1979 मध्ये ती गेली. आता तो सोनाटा व्हायोला शिकणारे सगळे वाजवतात, हे खरं. गाणी मात्र अजून अशीच, पत्रिकेत नाव नसलेली.

राग थोडा उतरला, कारण मघाशी मावशीला फोन केला. ती एक्याऐंशीची आहे. इंग्रजीचा गंध नाही. काही न सांगता फोनवरच गाणं लावलं, पाच-सहा मिनिटं ती गप्प. मग म्हणाली, ‘पाणी आहे ना गं हे? आणि कुणीतरी गेलं त्यात.’ मग मी गोष्ट सांगितली. पुस्तिकेचाही विषय काढला, तर नेहमीसारखंच, ‘जाऊ दे, देवाचंच आहे.’

नाही जाऊ देणार. रविवारी मिरजेला जातेय. ती दुधाची वही माळ्यावरच्या ट्रंकेत आहे म्हणाली.