डीबी स्पेक्ट्रममधली झेड-80 : एक ताऱ्याच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

फोन उचलला गेला नाही आणि तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. एक तारा दिलात, तोही घेतला. पण "ओरिजिनल काढून डुप्लिकेट चिप बसवली, बावीसशे उकळले" हे बुधवार पेठेत येणारं गिऱ्हाईक वाचतं, म्हणून लिहिणं भाग आहे.

तुमच्या डीबी स्पेक्ट्रम प्लस या जुन्या होम कॉम्प्युटरमधली झेड-80, म्हणजे मुख्य प्रोसेसर चिप, गेलेली होती, तुमच्यासमोरच तपासली. तसली एनमॉस (जुन्या पद्धतीची) चिप आता नवी बनत नाही. बाजारात येतात त्यातल्या कितीतरी जुन्या बोर्डावरून उपटलेल्या, वरची अक्षरं घासून पुन्हा छापलेल्या. त्यांना खुशाल डुप्लिकेट म्हणा. मी लावली ती झेड-80 काढणाऱ्या खुद्द झायलॉग कंपनीची सीमॉस (नंतरच्या पद्धतीची), झेड84सी00. जून 2024 नंतर कंपनीने तिच्याही ऑर्डरी घेणं बंद केलं, आमच्याकडे आधीचा थोडा माल आहे. ती तापत नाही कारण वीज कमी खाते. आणि 20 मेगाहर्ट्झची असून मशीन पळत नाही, कारण क्लॉक, म्हणजे वेग ठरवणारा ठोका, बोर्डावरच्या यूएलए या दुसऱ्या चिपकडून येतो, तो 3.5 मेगाहर्ट्झचाच राहणार.

आता तुमची दुसरी तक्रार, एका डेमो प्रोग्रॅममध्ये स्क्रीनची बॉर्डर काळीऐवजी पांढरी दिसते ती. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नसलेली एक कमांड आहे, ईडी 71. जुन्या चिपवर ती पोर्टला (चिपमधून बाहेर आकडा पाठवायच्या वाटेला) 0 पाठवते, सीमॉसवर 255. स्पेक्ट्रमच्या 254 नंबरच्या पोर्टावर 0 गेला की बॉर्डर काळी, 255 गेला की पांढरी. तुमच्या त्या एका डेमोत नेमकी तीच कमांड आहे. बाकी सगळे गेम चालले, असं काउंटरवर तुम्हीच म्हणालात. रिव्ह्यूत मात्र ते राहून गेलं!

बावीसशेत चिप, सॉकेट आणि चाळीस पाय सोडवायची मजुरी आली. या बोर्डाचे ट्रॅक जरा जास्त उष्णता लागली की सुटतात. एकही सुटलेला नाही, उघडून बघा.

पुढे असा फरक असेल तर बिलावर लिहून द्यायचं बघतो. जुनी चिप पाकिटात ठेवली आहे, घेऊन जा. सॉकेट आहेच, कुठे चालू एनमॉस मिळाली तर आणा, बसवून देतो, मजुरी नको. फक्त तो अ‍ॅडॉप्टर पुन्हा लावू नका. स्पेक्ट्रमला आतली पिन मायनस लागते, तुमच्या अ‍ॅडॉप्टरची प्लस आहे. हे खरं तर इथे लिहिणार नव्हतो.