ताज उलटं बांधलेलं नाही, आणि कुणी उडीही मारलेली नाही

काल आठवीतल्या भाचीच्या प्रकल्पवहीत वाचलं: ‘ताजमहाल हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं. इंग्रज आर्किटेक्ट विलायतेहून परतला, गेटवेकडे पाठ केलेली इमारत पाहिली आणि त्याने घुमटावरून उडी मारली.’ कुठून घेतलंस विचारलं, तर तिने आमच्याच घरच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड दाखवला. काकांनी टाकलेला. हा मजकूर या महिन्यात मला तिसऱ्यांदा दिसतोय, म्हणून लिहायला बसले.

गेटवेचं आधी उरकते. हॉटेल उघडलं डिसेंबर १९०३ मध्ये. गेटवेसमोर उभं राहून मान वर करा: पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला इथे उतरले, त्याची आठवण म्हणून हे बांधलं, असं दगडातच कोरलंय. बांधून झालं १९२४ मध्ये. ताजचा नकाशा काढताना जे नव्हतंच, त्याच्याकडे तोंड कसं करणार?

उलटेपणाबद्दल एवढं मान्य, की मूळ दरवाजा शहराच्या अंगाला होता, आता पोहण्याचा तलाव आहे त्या बाजूला. पण तो ठरवून. पाहुणे शहरातून घोडागाडीने येणार, त्यांना तिकडून सोयीचं. समुद्राकडची लांबलचक बाजू खोल्यांना मिळाली.

खरा संताप येतो तो त्या ‘इंग्रज आर्किटेक्ट’चा. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा आहे. वैद्य त्याआधी फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे सहायक म्हणून व्हीटी स्टेशनच्या कामावर होते. मुंबई वाढत होती तेव्हा ती उभी करणाऱ्यांतला हा माणूस. १९०० मध्ये ते हिवतापाने गेले. हॉटेल तेव्हा अर्धवट होतं, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते पुरं केलं. म्हणजे ज्या वैद्यांनी ताज कागदावर आणलं, त्यांना ते पुरं झालेलं दिसलंच नाही. उडी कुठून आणि कोण मारणार? एका कर्तबगार मराठी माणसाचं नाव पुसायचं, त्या जागी बिननावाचा गोरा उभा करायचा आणि वर त्याला आत्महत्या करायला लावायची. हे आपण आपल्याच मुलांना शिकवतोय.

भाचीने उडीचं वाक्य खोडलं आणि वर वैद्य-मिर्झांची नावं लिहिली. काका, तुम्ही तो फॉरवर्ड ग्रुपवरून काढा, आणि ज्यांना पुढे पाठवलात त्यांनाही कळवा.