पोरगी का घेतलीस रे?

पुरे झालं आता! बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत मी व्हिडिओ गेममध्ये बाईचं पात्र घेऊन खेळत असलो, की येणारा प्रत्येकजण पडद्याकडं बघून तेच विचारतो: "पोरगी का घेतलीस रे?" भूमिका करायचा खेळ आहे ना? मग रोज मीच मला खेळू? मागं मी चोर घेतला, म्हातारी जादूगारीण घेतली, तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. पण 'बाल्डर्स गेट ३' या गेममध्ये माझा योद्धा एका पुरुषाच्या प्रेमात पडला आणि लगेच आवाज खाली: "तू तसला आहेस काय?" चोर खेळलो तेव्हा घरातली भांडी मोजली होती काय?

२०१४ च्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' या गेममधला डोरियन पुरुषांवरच प्रेम करतो. त्याची आणि बापाची गाठ पडते तो प्रसंग बघून मला रडू आलं. आणि हे म्हणतात, असलं मुद्दाम घुसडतात! नको तर तो संवाद निवडू नका ना!

गुर्लहोसूरचे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. त्यांनी उभ्या केलेल्या नाटक मंडळीत बालगंधर्व शकुंतला झाले, ते चाललं. माझ्या पडद्यावर का चालत नाही? आणि त्या खोलीत बसलेला एखादा खरंच तसा असला तर? तुमचं हसणं तो रोज ऐकतोय.