सांगाडा तेवढा नवा

टाळेबंदीनंतर निम्मे पुणे सायकलवर बसले होते, तेव्हा, म्हणजे 2021 साली, मीही 42 हजार रुपये मोजून नवशिक्याला शोभेल अशी एक रोड बाइक घेतली. मागे आठ गिअर, पुढे दोन, वजन अकरा किलोंच्या आसपास. कोथरूड ते खडकवासला या रस्त्यावर तिचे आणि माझे कधी वाजले नाही. वाजले ते कात्रजच्या जुन्या घाटात, कारण तिथे सत्तरीचे एक गृहस्थ 'सुप्रभात' म्हणण्याइतका श्वास शिल्लक ठेवून मला मागे टाकून गेले. दोष माझ्या पायांचा असू शकतो ही शक्यता मी प्रामाणिकपणे तपासली आणि पुढच्या वळणाच्या आत निकालात काढली.

दुकानदाराने कार्बनच्या सायकलीचा जो आकडा सांगितला, तो घरात उच्चारण्याजोगा नव्हता. तेव्हा आहे तीच सुधारून घेण्याचे ठरले. आधी 25 मिलिमीटरचे टायर काढून 28चे बसवले आणि हवा जरा कमी ठेवली. त्यासरशी खड्ड्यांनी मनगटांना छळणे कमी केले. इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते, पण मला मागे अकरा गिअर हवे होते.

कारागिराने अकरा दातेरी चकत्यांची नवी कॅसेट माझ्या जुन्या चाकावर चढवली, शेवटची रिंग फिरवली, पुन्हा फिरवली, आणि ती आट्यांना धरेना तेव्हा अंगठ्याचे नख माझ्यापुढे करून तो म्हणाला, "काका, एवढ्याने अडतंय." ते 'एवढे' म्हणजे 1.85 मिलिमीटर; जुन्या चाकावरची कॅसेट बसायची जागा तेवढी आखूड होती. त्या अंतरापायी चाके बदलावी लागली. अकरा गिअरांसाठी हँडलवरचे गिअर बदलायचे शिफ्टर बदलले, शिफ्टर बदलले म्हणून साखळीला चकतीवरून चकतीवर नेणारा डिरेल्युअर, आणि मग साखळी आलीच. पॅडल जिला जोडलेले असते ती क्रँक बदलायची काहीच गरज नव्हती, पण एवढ्या नव्या मंडळींत ती एकटीच जुनी बरी दिसेना. कॅलेंडरच्या पाठीवर मांडलेली बेरीज सायकलीच्या मूळ किमतीला ओलांडून गेली, तेव्हा सौभाग्यवतींनी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला यांचा उल्लेख टाळून एवढेच विचारले, "अहो, पण कोंबडी घाट चढली का?"

चढली. त्या गृहस्थांनी या खेपेस मला नमस्कारही केला, अर्थात पुढे जाता जाता.

परवा भाच्याला सायकल हवी झाली, म्हणून माळ्यावरचा खोका उतरवून दुकानात नेला. दुकानदाराने चाके, शिफ्टर, क्रँक, टायर असे एकेक काउंटरवर मांडले आणि तो हरखून म्हणाला, "काका, अख्खी सायकल आहे की! सांगाडा तेवढा नवा घ्या." आता घ्यायचाच आहे तर तो कार्बनचा केवढ्याला पडेल, हे मी दबक्या आवाजात विचारत होतो, तोच भाजीची पिशवी घेऊन दुकानाबाहेर उभ्या असलेल्या सौभाग्यवतींनी हाक मारली.