चाच्यांच्या जहाजात कुलूपवाला

लक्ष्मीपुरीत माझं कुलपांचं दुकान आहे. त्यामुळे लेकीनं ‘एस्केप रूमला जाऊया’ म्हटल्यावर मीच सगळ्यांच्या पुढं.

कोडी सोडवत ठरल्या वेळात बंद खोलीतनं बाहेर पडायचं, असा हा खेळ निघाला जपानात, 2007 साली. माणशी सहाशे रुपये देऊन स्वतःला कोंडून घ्यायचं, हे कोल्हापुरात कुणाला सुचलं नसतं. राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावर चाच्यांचं जहाज! आत मिट्ट अंधार, स्पीकरवर लाटा, पिंपं, तलवारी, एक सांगाडा. साठ मिनिटं, तीन हिंट, कोपऱ्यात कॅमेरा. मोबाईल बाहेरच ठेवून घेतले, नाहीतर मेहुणा सांगाड्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिलाच असता.

मधोमध पेटी. तिला चार आकडी कुलूप. म्हणजे दहा हजार शक्यता. एकेकीला तीन सेकंद धरले तरी आठ तासांवर काम.

“मी तलवारी मोजतो, आई तू पोपट बघ,” लेक म्हणाली.

मी कडी ओढून धरली आणि चकत्या फिरवायला लागलो. स्वस्तातल्या मालात बरोबर आकड्यावर चकती जरा अडखळते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. दोन मिनिटांत खट्!

“काका, असं नाही उघडायचं!” स्पीकर ओरडला.

“उघडलंय की!”

“घरचं कपाट दिवाळीपासून अडकलंय, ते नाही उघडत यांना,” बायको कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली.

पेटीत चिठ्ठी: ‘या कुलपाचा आकडा उलटा वाचा.’ सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता सांगायचं कसं? कुलूप उघडलं की कुणी आकडा बघू नये म्हणून लगेच चकत्या फिरवून टाकायच्या, ही दुकानातली सवय. हातानं आपोआप केलं होतं.

मग परत तलवारी. पिंपं. पोपट बायकोचे तीन, लेकीचे चार. दोघींचं भांडण मिटेना.

“दाजी, महाराज 1660 ला पन्हाळ्याच्या वेढ्यातनं निसटले,” मेहुणा म्हणाला. “हिंटशिवाय.”

चौथा पोपट सांगाड्याच्या पाठीमागं होता. तो सापडला आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

सोमवारी तो स्पीकरवाला पोरगा दुकानात हजर. “काका, तुम्हालाबी उघडणार नाहीत अशी दाखवा.”

सहा नग दिले. चौघांचे चोवीसशे त्यातच लावले.