पट्टा मागितला, सल्ला मिळाला

मला फक्त पट्टा हवा होता. टेपरेकॉर्डरच्या मोटारीपासून फ्लायव्हीलपर्यंत, म्हणजे फीत एकसारखी चालवणाऱ्या जड चाकापर्यंत जातो तो रबरी पट्टा. दुकानदाराने यंत्राकडे पाहिलं, माझ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, यूट्यूबवर सगळं फुकट आहे."

एवढ्यावर मी निघालोही असतो. पण शेजारी मिक्सरचं भांडं काखेत धरून, कपलर बदलून घ्यायला एक गृहस्थ उभे होते. त्यांनी पिशवीतली माझी कॅसेट न विचारता उचलली, कानाशी नेऊन हलवली आणि निदान केलं, "गारठलीये."

"हो का?"

"एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. मोकळी होते."

गारठलेली वस्तू फ्रिजमध्ये! वर, "डब्यात ठेवा हं, नाहीतर कांद्याचा वास लागतो."

फ्रिजमधून काढलेल्या कॅसेटवर बाष्प धरतं, आणि बुरशीला तेच हवं असतं. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यावर रिळाच्या कडेला पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट चांगल्या यंत्रात घालूच नये, हेडवरून, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, ती पुढच्या कॅसेटला लागते. हे मी सांगू लागलो, तोवर गृहस्थ हेडवर पोहोचले होते.

"हेड रॉकेलने पुसायचं. आमच्याकडे अत्तराने पुसायचे. आवाजाला गोडवा येतो."

दुकानदार हसला. मला आला राग, कारण ऐकणारा एक पोरगा मान डोलवत होता. रॉकेल तेलकट, मागे थर ठेवतं आणि त्यावर धूळ बसते. अत्तराचंही तेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, नव्वद टक्क्यांच्या वरचं, कानात घालायच्या कापसाच्या काडीवर. काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत हेड आणि कॅप्स्टनची, म्हणजे फीत ओढणारी, दांडी पुसायची. शेजारच्या रबरी रोलरला मात्र साबणाचं पाणी पुरे, अल्कोहोलने रबर कालांतराने कडक होतं.

पट्ट्याचं दुखणं वेगळंच. वर्षानुवर्षं पडून राहिला की तो चक्क वितळतो. काळा चिकट लगदा पुलीला, बोटांना आणि तिथून घरच्या सोफ्याला लागतो. माप घ्यायला जुना पट्टा उरतच नाही. मग पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजायची आणि नवा त्याहून पाचेक टक्के आखूड घ्यायचा. ढिला पडला तर तंबोरा डुलतो, फार ताठ असला तर मोटार कण्हते. दोरा मी बरोबर नेला होता. दुकानदाराने तो बघितला नाही. माप बघायला पैसे पडतात की काय कोण जाणे.

यूट्यूबवर सगळं आहे, हे खरंच आहे. पण माझी कॅसेट नाही. पूर्वी यादी दिली की दुकानदार कॅसेट भरून द्यायचे. सी-९० ची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, एलपी तबकडीची वीस-बावीस, म्हणजे आख्खी एलपी एका बाजूत मावायची आणि वर दोन-तीन मिनिटं उरायची. त्या उरलेल्या जागेत भरणारा स्वतःच्या मर्जीने एखादं नाट्यपद ढकलायचा, ते ऐन तानेत तुटायचं. आज ते पद अखंड ऐकलं तरी कान त्याच तानेला थांबतात. फोनवर भीमसेनांचा मारवा संपला की अ‍ॅप पावसाच्या आवाजातली बासरी लावतं, तीही जाहिरातीनंतर. आवडतं गाणं पुन्हा सापडणं म्हणजे त्याच्या मागचं-पुढचंही सापडणं, हे त्या अ‍ॅपला कोण सांगणार!

पट्टा बदलूनही आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटला, तर बहुतेक वेळा दोष अझिमथचा, म्हणजे हेड फितीला किंचित तिरकं बसल्याचा. हेडच्या दोन स्क्रूंपैकी स्प्रिंगवाला स्क्रू, गाणं चालू ठेवून, अगदी किंचित फिरवायचा. झांजेचा खणखणाट सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबायचं. आवाज मधूनच दबत असेल तर कॅसेटच्या तोंडाशी पितळी पट्टीवरचा फेल्टचा तुकडा पाहा. त्याचा गोंद वाळून तो गळून पडलेला असतो. फीत तुटली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात.

हे सगळं गृहस्थांनी मन लावून ऐकलं. मला वाटलं, पटलं. कपलर बसलं, पैसे दिले आणि जाता जाता म्हणाले, "तुमचं चालू झालं की सांगा. माझ्याकडे दीडशे कॅसेटी आहेत, कम्प्युटरवर घेऊन द्या. तुम्हाला काय, बटण तर दाबायचं."

बटण दाबायचं! फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरच सरकते, घाई करता येत नाही. सी-९० ला दीड तास म्हणजे दीड तास. दीडशेचे सव्वादोनशे तास झाले, आणि त्यात दर पाऊण तासाला कोणीतरी उठून बाजू उलटायची. शिवाय त्यातल्या किती फ्रिजमध्ये आहेत, ते मी विचारलंच नाही.