एका तासाचा तर प्रश्न आहे!

न्यूयॉर्कच्या ग्राहकांना सकाळी नऊला जाणारी स्मरणपत्रं सोमवारी दहाला पोचली. आदल्या दिवशी, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली होती आणि स्मरणपत्रं धाडणाऱ्या आमच्या स्क्रिप्टला त्याचा पत्ताच नव्हता. त्यात कुणा पूर्वजाने यूटीसीपासूनचा, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेपासूनचा, तासांचा फरक चक्क ‘उणे पाच’ असा लिहून ठेवला होता, शेजारी शेरा: ‘तात्पुरतं’. दुरुस्ती सरळ होती. पण सेल्सचे साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“एका तासाचा तर प्रश्न आहे. एक मिळवून टाका ना.”

“आणि नोव्हेंबरात घड्याळं परत मागे गेली की?”

“तेव्हा वजा करा. कॅलेंडरवर नोंद करून ठेवा, झालं!”

“लंडनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तोवर दोघांत पाचाऐवजी चारच तासांचं अंतर.”

“मग लंडनवाल्यांना तसं कळवा.”

“ॲरिझोनात घड्याळ बदलतच नाही. पण त्याच राज्यातल्या नवाहो लोकांच्या प्रदेशात बदलतं.”

“असे ग्राहक घ्यायचेच कशाला?”

ते ग्राहक त्यांनीच आणले होते, आणि आणल्याची ईमेल सगळ्या ऑफिसला धाडली होती. ‘तुम्ही लोक सोप्याचं अवघड करता’ म्हणत त्यांनी माझ्याच वहीत दोन रकाने आखले: उन्हाळा, हिवाळा. सिडनीचं उलटं असतं म्हटल्यावर मथळे खोडले. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर घड्याळ अर्धाच तास सरकतं हे ऐकून क्षणभर थांबले, मग उदारपणे म्हणाले, “अर्धा तास चालून जाईल.”

खरं तर घड्याळं सरकवायची ही कल्पना न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने १८९५ साली मांडली. त्याला संध्याकाळी कीटक गोळा करायला उजेड हवा होता. त्याचे किडे आम्ही अजून वेचतोय.

‘उणे पाच’ हा टाइमझोन नव्हे, तो त्या घटकेचा फरक. स्क्रिप्टला ‘अमेरिका/न्यू_यॉर्क’ असं पूर्ण नाव द्यायचं. ‘ईएसटी’ (तिकडची हिवाळी वेळ) लिहिलंत तर बाराही महिने हिवाळाच. ‘ईटीसी/जीएमटी+५’च्या वाटेला तर जाऊच नका, ते पाच तास पुढे नाही, मागे असतं. घडून गेलेल्या गोष्टी यूटीसीत साठवा. पुढच्या भेटी मात्र स्थानिक वेळ आणि झोनचं नाव अशा जोडीने, कारण सरकारं मध्येच नियम फिरवतात. २०२३ साली लेबननने ऐनवेळी घड्याळबदल पुढे ढकलला, मग काही दिवसांत तो निर्णयही फिरवला. ‘उद्या याच वेळी’साठी ८६,४०० सेकंद, म्हणजे चोवीस तास, मिळवणाऱ्यांना तर मी काही बोलतच नाही. घड्याळबदलाचा दिवस कधी २३ तासांचा असतो, कधी २५. तारखेत एक दिवस मिळवा आणि मग यूटीसीत बदला. न्यूयॉर्कमध्ये मार्चच्या त्या रात्री अडीच वाजतच नाहीत आणि नोव्हेंबरात दीड दोनदा वाजतात, म्हणून क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामं यूटीसीवर लावावीत किंवा त्या तासांपासून लांब ठेवावीत.

एवढं सगळं करूनही स्क्रिप्ट ज्या बंदिस्त कंटेनरात चालते त्यात टीझेडडेटा (जगभरच्या झोनच्या नियमांचं पॅकेज) नसेल तर सगळं मुसळ केरात. न्यूयॉर्कचा झोन देऊन मी वेळ सांगणारी ‘डेट’ कमांड चालवली, तर त्याने बिनदिक्कत यूटीसीची वेळ छापली आणि पुढे झोनचं नाव म्हणून ‘अमेरिका’. एरर नाही, वॉर्निंग नाही. आमचा डेटाबेस, मायएसक्यूएल, त्या मानाने प्रामाणिक: झोनचे तक्ते भरलेले नसले की झोन बदलणारं त्याचं कन्व्हर्ट_टीझेड मुकाट्याने नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतं. पॅकेज टाकलं, तक्ते भरले, चाचण्यांत मार्च आणि नोव्हेंबरच्या त्या तारखा घातल्या. स्मरणपत्रं नऊला जायला लागली.

कौतुक वगैरे कुणी केलं नाही, ते सोडा. पण काल साहेबांचा रिपोर्ट समोर आला. कॉलमच्या नावातच ‘यूटीसी’ लिहिलं होतं. ते त्यांना चुकीचं वाटलं, म्हणून त्यांनी एक्सेलमध्ये स्वतःच्या हाताने चार तास वजा केले. सगळ्या ओळींतून. जानेवारीच्या ओळींतूनही, जिथे पाच वजा व्हायला हवे होते. मूळ कॉलम ‘गोंधळ नको’ म्हणून उडवून टाकला आणि फाइल तीन खात्यांना पाठवली. आता हिशेबवाले मला विचारताहेत की सर्व्हरच्या नोंदी हिवाळ्यात तासभर का चुकतात.